जोडीनं नेलेला अबोला

अबोला धरणं ही कला आहे आणि ती मला येते, हे आधीच सांगून टाकते. नुसतं तोंड मिटून बसणं म्हणजे अबोला नव्हे. तो रुसवा. रुसव्याची कुणी समजूत काढली की तो संपतो. अबोल्यात घर बराबर चालावं लागतं. चहा वेळेवर, जेवण वेळेवर, पाहुण्यांसमोर हसरं तोंड, आणि नवऱ्याशी मात्र एक शब्द नाही. बोलायचं ते ताटाशी, भिंतीशी, फ्रिजशी. "गॅस संपत आलाय," असं मी फ्रिजला सांगायची आणि आमचे मालक फ्रिजलाच उत्तर द्यायचे, "उद्या सांगतो." फ्रिज बिचारा दोघांचंही ऐकून घ्यायचा आणि मधूनच घुर्रर करायचा. पाच महिने हा प्रयोग चालला. एकदाही पडदा पाडावा लागला नाही.

आणि अशात कंपनीनं आम्हाला सहलीला न्यायचं ठरवलं.

आमचं बियाण्याचं दुकान आहे, नवीन जालन्यात, स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर. या धंद्यात ज्या दुकानदाराचं टार्गेट पूर्ण होतं त्याला कंपनी टूरवर नेते. एरवी या टूरवर फक्त पुरुष जातात आणि येताना बायकांसाठी शाली आणि एकमेकांसाठी न सांगण्यासारख्या आठवणी घेऊन येतात. या वर्षी मात्र वरच्या कुणाच्या तरी डोक्यात आलं की टूर जोडीनं. सत्यनारायणाला बसतात तसं. नवरा एकटा आला तर चालणार नाही.

मालकांना वाटलं, मी नको म्हणेन. फ्रिजला त्यांनी भीतभीतच विचारलं. मी फ्रिजला सांगितलं, बॅगा माळ्यावर आहेत, काढून ठेवा.

आता अबोला कशाचा, ते सांगते. त्याशिवाय पुढची गंमत कळायची नाही.

जूनमध्ये कपाशीच्या एखाद्या वाणाला मागणी आली की दुकानासमोर सकाळपासून रांग लागते. बिलाच्या मशीनवर मी बसते, कारण मालकांचं आणि त्या मशीनचं पटत नाही. हंगामात माझा मोबाइलसुद्धा दुकानाचा होतो. गिऱ्हाइकांचे फोन त्यावर, ऑनलाइन पैसे आल्याचा आवाजही त्यावर, त्यामुळे तो काउंटरवर यांच्यापुढं पडलेला असतो. त्या दिवशी मागणीच्या वाणाचा ट्रक आला होता. माझे वडील, आबा, केदारखेड्याला अंथरुणाला लागलेले होते. सकाळी माझा फोन वाजला. यांनी उचलला, बोलत बोलत मागं गोदामात गेले, परत आले आणि म्हणाले, कंपनीचा होता. रांग हलत राहिली. दिवस कलला, शेवटची पिशवी गेली, शटर अर्ध्यावर आलं, तेव्हा हे म्हणाले, चल, केदारखेड्याला निघायचंय. मी पोचले तेव्हा माणसं नदीवरून परत येत होती.

फोन दुपारनंतर आला, असं यांनी मला सांगितलं. पण मी यांना गोदामातून बाहेर येताना बघितलं होतं. रुमालानं तोंड पुसत होते. गोदामात बियाण्यासाठी कूलर चालू असतो. तिथून कुणी घाम पुसत येत नाही.

मला माफी नको होती. माफी घेऊन मी काय करणार? मला एक वाक्य हवं होतं, यांच्या तोंडून: फोन सकाळी आला होता. तेराव्यानंतर मी सरळ विचारलं. हे म्हणाले, "तुला भास झाला." त्या दिवसापासून मी यांच्याशी बोलणं बंद केलं, ते वाक्य येईपर्यंत.

आणि टार्गेट पूर्ण झालं ते त्याच दिवशीच्या विक्रीवर. म्हणजे ही सहल कशाच्या मोलानं मिळाली होती, ते मला माहीत होतं. म्हणूनच निघाले. म्हटलं, बघू तरी, त्या मोलात काय काय दाखवतात.

दाखवली तळी. नैनिताल, भीमताल, सातताल, तिकडं डोंगराच्या प्रत्येक खळग्यात एक तळं. आमच्याकडं टँकर आला तर लोक बादल्या घेऊन धावतात, आणि इथं पाणी नुसतं पडून होतं, कुणी भांडंसुद्धा लावत नव्हतं. पहिल्या दिवशी तर मला राग आला त्या पाण्याचा.

जाताना रेल्वेत आमच्या डब्यात हसनाबादचे एक दुकानदार होते, आणि त्यांची बेगम. मी त्यांना भाभी म्हणत होते, त्या मला बाजी, म्हणजे ताई. त्यांची घरी उर्दू, दुकानात मराठी, आणि माझ्याशी दोन्हीची भेळ. भाभींनी आमचा अबोला मनमाडच्या आत ओळखला. त्यांना नाटक आवडतं आणि मला प्रेक्षक लागतो, त्यामुळे आमचं जमलं. मी म्हटलं, भाभी, इथं फ्रिज नाही, आता तुम्हीच. भाभींनी ती जागा घेतली आणि फ्रिजपेक्षा कितीतरी चांगली चालवली.

मी म्हणायची, भाभी, यांना सांगा, थंडी आहे, स्वेटर घाला. भाभी वळून सांगायच्या, "भाईसाब, बाजी बोल रही, स्वेटर डालो. तुम्हाला काही झालं तर बाजीला सफेद साडी बिलकुल सूट होणार नाही." मालक स्वेटर घालायचे आणि म्हणायचे, भाभी, तिला सांगा, पांढऱ्या रंगाची एवढी घाई नको. भाभी माझ्याकडं वळून म्हणायच्या, "बोल रहे, तुम्हारे बगैर जी नहीं लगता." खोटारडी बाई. भाई, म्हणजे त्यांचे मिस्टर, पाठमोरे होऊन हसायचे. सगळी बस आमच्यावर खूश होती. कंपनीचा माणूस म्हणाला, तुमची जोडी म्हणजे टूरची जान आहे. मी त्याला वाकून नमस्कार केला.

नैनितालच्या तळ्यात आम्हाला नाव करून दिली. मध्ये नावाडी, समोर आम्ही दोघं. कंपनीच्या माणसाला फोटो पाहिजे होता, जालन्याच्या कार्यक्रमात पडद्यावर दाखवायला. जवळ बसा, म्हणाला. बसलो. हात धरा, म्हणाला. मी यांचा हात धरला आणि नावाड्याला हिंदीत सांगितलं, भैया, इनको बोलो, हाथ गीला है. नावाड्यानं बघितलं, आम्ही दोघं एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसलेलो. तरी त्यानं इमानदारीनं सांगितलं. यांनी हात पँटला पुसला आणि परत दिला. तो फोटो चांगला आलाय. बघणाऱ्याला वाटेल, यांच्यासारखं सुखी कुणी नाही.

घोड्यावर बसवलं त्या दिवशी माझा घोडा दरीच्या कडेनंच चालला आणि यांचा जागचा हलेना. हे वरून त्याला बैलासारखं हाकत होते. डोंगरातल्या घोड्याला आमच्या भोकरदनकडचं काय कळणार? शेवटी उतरून त्याच्या शेजारून चालत आले, लगाम हातात धरून. वर पोचल्यावर भाभींनी विचारलं, भाईसाब, घोडं तुम्हाला घेऊन आलं की तुम्ही घोड्याला. मला हसू आलं. यांनी माझं हसू बघितलं आणि हेही हसले. तिथं मी लगेच डोंगराकडं तोंड केलं. हसण्यातून माणूस कुठं घसरेल, सांगता येत नाही.

आणि मनानं घसरणार होते मी, साततालला. तिथं तळ्याकडं चालत उतरायचं होतं. वाटेवर चीडाच्या, म्हणजे पाइनच्या झाडांच्या वाळक्या सुया पडलेल्या, साबणासारख्या गुळगुळीत. यांचा पाय गेला तसा मी मागून यांचा शर्ट धरला. शर्टाचं बटण तुटलं, माणूस वाचला. बोललो काहीच नाही. पुढं पायऱ्यापायऱ्यांचं एक शेत लागलं. कडेला राजम्याचा वाळलेला वेल होता. शेतातल्या बाईला विचारून यांनी एक शेंग तोडली, सोलली आणि दाणे तळहातावर घेऊन माझ्यापुढं धरले. बियाणं हातात असलं की हा माणूस वेगळा होतो, हे मला लग्नापासून माहीत आहे. आवाज खाली येतो, बोटं हळू होतात. मी दाणे उचलले. पाच महिन्यांत पहिल्यांदा मला वाटलं, आता म्हणतील. इथं रांग नाही, ट्रक नाही. म्हणाले तर मी यांच्याबरोबर आणखी सात तळी हिंडेन.

ते भाभींना म्हणाले, "हिच्या आबाला दाखवायला पाहिजे होता हा वाण. खूश झाला असता म्हातारा."

इतकं सहज. जसे आबा गावाला गेले असावेत. मी दाणे त्या बाईच्या सुपात परत टाकले. भाभी काहीतरी सांगायला माझ्याकडं वळल्या होत्या, माझं तोंड बघून गप्प झाल्या.

पण त्या गप्प बसणाऱ्यातल्या नव्हेत. दुसऱ्या दिवशी त्यांनी डाव टाकला.

नौकुचियाताल म्हणून तिकडं एक तळं आहे, नऊ कोपऱ्यांचं. काठावरून एका वेळी सगळे कोपरे दिसत नाहीत, आणि ज्याला दिसले तो सुटला, मुक्त झाला, असं तिथले लोक सांगतात. मी सकाळपासून मान वळवून वळवून बघत होते. मिळाली मुक्ती तर हवीच होती. तिथं कयाक नावाची एक अरुंद होडी मिळते, दोन माणसांची. एक पुढं, एक मागं, दोघांच्या हातात वल्हं. भाभी म्हणाल्या, चला बाजी, तुम और मैं. मी लाइफ जॅकेट घालून मागं जाऊन बसले. भाभींनी माझ्या डोळ्यांदेखत मालकांचा दंड धरला, त्यांना पुढच्या जागेवर बसवलं आणि होडीवाल्याला म्हणाल्या, ढकल. आम्ही काठापासून सुटलो तेव्हा त्या कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "अब बोलो," म्हणाल्या. "अब कौन है तुम्हारे बीच में?"

खरंच कुणी नव्हतं. अशा होडीत एकानं उजवं, एकानं डावं असं बोलून चालवावं लागतं. आम्ही अबोल्यात. यांनी उजवीकडं पाणी मारलं, मीही उजवीकडं मारलं, होडी फिरली. दोघांनी डावीकडं मारलं, होडी उलटी फिरली. बाकीच्या जोड्या सरळ निघून गेल्या आणि आम्ही काठाजवळ घाण्याच्या बैलासारखे गोल गोल. शेवटी यांनी आपल्या वल्ह्याला सांगितलं, "मागच्यानं जरा डावं धरावं." मी माझ्या वल्ह्याला सांगितलं, "पुढच्यानं आधी थांबावं." काठावरून भाभींनी कपाळाला हात लावला. असं वल्ह्यांच्या मध्यस्थीनं आम्ही तळ्याच्या मधोमध आलो, आणि खरं सांगते, मला मजा येत होती. ऊन होतं, पाणी हिरवं होतं.

मग वारा सुटला. तिकडं दुपारी सुटतोच म्हणे. पाण्याला बारीक लाटा आल्या आणि होडी आपल्या मनानं दूरच्या एका कोपऱ्याकडं निघाली, जिथं झाडी पाण्यावर वाकलेली होती आणि माणूस कुणी नव्हतं. मला भीती वाटली नाही. आबांनी मला लहानपणी पाठीला वाळका भोपळा बांधून विहिरीत ढकललं होतं. यांना पोहता येत नाही. यांनी घाईनं वल्हं मारलं, ते हातातून सुटलं आणि तरंगत निघून गेलं. होडी एका अंगाला डुलली. दोन्ही हातांनी कडा धरून हे ताठ बसले. मी मागं होते, मला यांची फक्त मान दिसत होती. मानेवरचे केस पांढरे झालेत, ते मी त्या दिवशी बघितलं.

"अगं," हे म्हणाले. "कर ना काहीतरी."

मला म्हणाले. वल्ह्याला नाही.

मी माझं वल्हं उचललं आणि मांडीवर आडवं ठेवलं. पाच महिन्यांनी यांच्याशी पहिल्यांदा बोलले.

"फोन कधी आला होता?"

पाणी होडीला लागत होतं. मी परत विचारलं नाही. मला घाई नव्हती.

"सकाळी," मान म्हणाली. आणि मग मी न विचारलेलंही आलं. "तुझ्या भावाला म्हणलो, निघाली ती, गाडीत बसली. न्हाई तर त्यो सारखा फोन करून राह्यला असता. मला वाटलं दुपारपर्यंत रांग सरंल, मंग निघू आपण. एवढ्या जल्दी जातील आसं कुणाला वाटलं होतं?"

मी एक वाक्य मागितलं होतं. मला दोन मिळाली, आणि दुसरं मला माहीत नव्हतं. नदीवरून परत येताना भावानं मला विचारलं होतं, एवढा वेळ कुठं होतीस? मला वाटलं, दुःखात बोलला. तेव्हापासून त्याचं माझ्याशी बोलणं कामापुरतं झालं होतं. तो पाच महिने समजत होता की मी सकाळी निघाले आणि रस्त्यात कुठंतरी रमले.

लोक मला विचारतात, त्या वेळी मनात काय आलं. सगळं आलं. पण मी होडी बुडवली नाही, हे माझ्या खात्यावर लिहून ठेवावं. मी वल्हं उचललं, एकदा उजवीकडं, एकदा डावीकडं, आणि एकटीनं होडी काठाला आणली. एका माणसानं चालवली की ती अगदी सरळ जाते.

काठावर भाभी वाट बघत होत्या. मालक उतरले, जमीन पायानं दाबून बघितली, खुर्चीत बसले. चहा आला. तोंडावर रंग आला. भाईंना ते वादळाची हकीकत सांगायला लागले, आणि लाटा प्रत्येक घोटाला मोठ्या होत गेल्या. मी समोर बसून यांच्याकडं बघत होते. ते यांना सहन झालं नाही.

"आन ते तिथं बोललो ते मनावर घेऊ नको," हे मला म्हणाले. "जीव घाबरला होता. तुला जे ऐकायचं होतं ते म्हणलो. पाण्यात माणूस कायबी कबूल करतो."

भाभींना नेमकं काय ते ठाऊक नव्हतं, पण काय झालं ते कळलं. त्यांच्या हातात बिस्किटाचा पुडा होता, तो त्यांनी टेबलावर ठेवला. त्या वाक्याचं भाषांतर त्यांनी केलं नाही.

मालकांनी कप तोंडाला लावला आणि टेबलाला सांगितलं, "साखर कमी आहे."

"थांबा, आणते," मी म्हटलं.

थेट यांना म्हटलं, यांच्या तोंडाकडं बघून. उठले, टपरीवरून साखर आणली, कपात घातली, ढवळून दिली. भाईंनी टाळी वाजवली. कंपनीचा माणूस धावत आला आणि म्हणाला, एक फोटो. मालकांचे डोळे भरून आले. त्यांना वाटलं, डोंगरातल्या हवेनं काम केलं. घरी येऊन त्यांनी सगळ्यांना तेच सांगितलं, आणि माझ्या जावेनं तिच्या नवऱ्याच्या मागं लकडा लावलाय, आपणही तळ्यावर जाऊ.

बसमध्ये भाभी माझ्या शेजारी येऊन बसल्या. हळूच म्हणाल्या, "बाजी, मान गयी क्या तुम?"

"न्हाई भाभी," मी म्हटलं. "मला आता त्यांच्याकडून काही ऐकायचं राहिलं न्हाई."

त्यांनी माझी शाल नीट केली.

परतीच्या गाडीत मालक अखंड बोलत होते. पाच महिन्यांचं साठलेलं. मी हो म्हणत होते, बराबर म्हणत होते, पाणी पाहिजे का विचारत होते. अबोल्यात मला दिवसभर जपून राहावं लागायचं, कुठं शब्द निसटेल म्हणून. बोलायला काहीच लागत नाही. जालन्याला उतरलो तेव्हा यांनी ऑटो केला, बॅगा चढवल्या. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढं, मी केदारखेड्याला जाऊन येते. का, कशाला, काहीच विचारलं नाही. लवकर ये, म्हणाले. मी भोकरदनची एसटी धरली.

भाऊ शेतात होता. कापसाची वेचणी चालली होती. मला बघून त्यानं मान हलवली आणि वेचतच राहिला. मी तशीच ओळीत उभी राहून सगळं सांगितलं: काउंटरवरचा फोन, गोदाम, रांग, तळ्यातली होडी. मी सकाळी निघाले नव्हते, मला कुणी सांगितलंच नव्हतं. या खेपेला मी हातवारे केले नाहीत, आवाज बदलले नाहीत. जे होतं तेवढंच सांगितलं.

तो खाली बसला. बोटाला लागलेली बोंडाची टरफलं काढत राहिला.

"मला म्हणले, निघाली," तो म्हणाला. "आबा सारखं इचारायचे. मी सांगत राह्यलो. राजूर आलं. आता पुलावर आली. आता गाडीतून उतरली. आबा म्हणले, मंग मला बसवा. आडवं बघून रडंल ती. बसवलं आम्ही भिंतीला टेकून." त्यानं हातातलं टरफल टाकलं. "बसल्या बसल्याच गेले."

शेजारच्या ओळीतल्या बायका पुढं निघून गेल्या होत्या.

"दाजी कबूल झाले का?" त्यानं विचारलं.

"झाले. पाण्यात."

"आन काठावर?"

"काठावर न्हाई."

त्यानं एक शिवी दिली, ती लिहीत नाही. मग कमरेला बांधायचं एक फडकं माझ्याकडं टाकलं. मी ते बांधलं आणि त्याच्या शेजारच्या ओळीला लागले. अंधार पडायला अजून बराच वेळ होता.